घराण्याचे जुने कागद शोधून देणारी सेवा, फोंडा (गोवा): चार स्टार, पाचवा का नाही तेही सांगते

आधीच सांगते, ज्यांना हॉलमध्ये लावायला सोनेरी फ्रेममधला वंशवृक्ष हवाय त्यांनी इथे वेळ घालवू नका. तसले करून देणारे पुष्कळ आहेत. आमच्याच एका नातेवाइकांनी मागे करून घेतला, त्यात घराणं थेट परशुरामाच्या बाणापाशी नेऊन टेकवलंय, मधली शेकडो वर्षं कुठे गेली विचारलं तर "ते मागाहून भरता येईल" असं उत्तर मिळालं म्हणे.

मी लिहितेय ते वेगळ्या माणसाबद्दल. फोंड्यातले एक निवृत्त गृहस्थ आहेत, आयुष्यभर कोर्टकचेरीच्या कागदांत काढलेले, पोर्तुगीज वाचतात म्हणजे नुसतं छापील नाही तर त्या काळच्या लेखनिकांची ती वाकडीतिकडी हस्तलिपी वाचतात, आणि मोडीसाठी त्यांच्यासोबत एक मुलगी आहे ती मोडी वाचते. दोघं मिळून तुमच्या एखाद्या पूर्वजाचं आयुष्य कागदांवरून जुळवून देतात. नाव-नंबर इथे टाकू नका असं त्यांनीच बजावलंय, कामं आधीच तुंबलीयत, पण फोंडा बाजारात कुठल्याही जुन्या वकिलाला विचारलंत तर सांगतील. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो.

काम काय होतं ते सांगते. आमच्याकडे चवथीला मूळ घरी सगळे जमले, गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधून झाली, की पणजोबांचा विषय निघतोच. १८९५ साली पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केलं आणि सत्तरीचे दादा राणे त्यांना मिळाले, तो इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरातलं म्हणणं असं की पणजोबा त्या बंडात होते, तलवार घेऊन रानात गेले, बरीच वर्षं गायब होते आणि मग एक दिवस परत आले. (फोंड्यात आणि सत्तरीत प्रत्येक घरात असा एक पणजोबा असतोच, पण आपल्या घरातला खरा वाटतो.) माझ्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी ही गोष्ट लिहायला घेतली आणि विचारलं, त्यांचा जन्म कधीचा? कुणालाच माहीत नाही. मेले कधी? तेही नाही. साधं साल नाही.

पहिल्या भेटीत भाईंनी तलवारीची गोष्ट ऐकूनच घेतली नाही. "बाय, ती मागाहून. श्राद्धाची तिथी कुठली करता?" हा पहिला प्रश्न. मग मूळ गाव, कुळदेव, आणि घरात पेटीबिटी आहे का. लग्नपत्रिका, कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेच्या, पावत्या, देवळाच्या वर्गणीची चिठ्ठी, श्राद्धाची वही, जे असेल ते सगळं आणायला सांगितलं आणि वर दम दिला की काहीही पुसू नका, सेलोटेप तर अजिबात लावू नका. लॅमिनेट केलेला एक कागद मी नेला होता त्याच्याकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं ती अजून आठवते.

तिथेच त्यांनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली जी पैसे घेणारा माणूस सहसा पहिल्या दिवशी सांगत नाही. गोव्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सगळ्यांसाठी सुरू झाली ती १९१४ पासून. त्याआधी ख्रिश्चन कुटुंबांना चर्चच्या वह्या आहेत, बाप्तिस्मा, लग्न, दफन, बऱ्याच गावांत कितीतरी पिढ्या मागे जाता येतं. हिंदूंचं तसं नाही. त्यामुळे तुमच्या पणजोबांचा जन्मदाखला मिळेल ही आशा सोडा, त्यांच्या मरणापासून सुरुवात करू आणि मागे जाऊ. माझी ऑफिसमधली मैत्रीण मडगावची, तिच्या घरचं काम ह्यांनीच केलंय, तिच्याकडे बाप्तिस्म्यांची साखळी एकामागून एक लागत गेली आणि वर गावकरीतला, म्हणजे गावच्या मूळ जमीनहक्कदारांतला, त्यांचा वांगड म्हणजे कुळाचा गटही सापडला. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आमचं आडनाव नाईक. गोव्यात दगड भिरकावला तर नाईकालाच लागणार. मृत्यूच्या नोंदींत त्याच नावाचे, त्याच बापाच्या नावाचे, आजूबाजूच्याच गावांतले तीन जण निघाले. एक १९१६ च्या पावसाळ्यात गेलेला, एक १९१८ च्या नोव्हेंबरात, एक १९२१ च्या मे महिन्यात. आता आपला कुठला? इथे ती श्राद्धाची तिथी कामाला आली. आमच्याकडे पणजोबांचं श्राद्ध कार्तिक शुद्ध पक्षात होतं, माझ्या आजीने ते शेवटपर्यंत सोडलं नव्हतं. कार्तिक काही पावसाळ्यात येत नाही आणि मे महिन्यातही येत नाही. १९१८ ला दिवाळीची अमावस्या ३ नोव्हेंबरला होती, म्हणजे कार्तिक शुद्ध ४ तारखेपासून, आणि नोंदीतली तारीख त्या पंधरवड्यात बसली, तिथीसकट बसली. भाईंनी पंचांगाचं जुनं पान पुढे ठेवून हे मला बोटाने दाखवलं तेव्हा मला खरंच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. आजीने इतकी वर्षं जो भात वाढला त्याच्या आधारावर सरकारी वहीतला माणूस ओळखला, दुसरा कुठलाही पुरावा नव्हता.

नावांचं एक वेगळंच प्रकरण आहे. पोर्तुगीज कारकून श साठी एक्स अक्षर वापरायचे, त्यामुळे आमचे पणजोबा, ज्यांचं नाव श ने सुरू होतं, ते यादीत पार शेवटाकडे सापडतात. नाईकातला क वेगळ्याच अक्षरांनी, शेणवी असेल तर सिनाय, पांडुरंगाचा पांडुरोंग. इतिहाससंशोधक पिसुर्लेकर, जे पणजीच्या दप्तरखान्याचे प्रमुख होते, तेसुद्धा स्वतःच्या पुस्तकांवर नाव पांडुरोंग असंच छापायचे. भाईंकडे एक जाड वही आहे, त्यात एकेका नावाचे त्यांनी बघितलेले सगळे अवतार उतरवून ठेवलेत. इंटरनेटवर आजचं स्पेलिंग टाकून शोधणाऱ्यांना काही का मिळत नाही ते ती वही बघून कळतं. आमच्या पणजोबांचं नाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी लिहिलंय, तिन्ही वेळा माणूस तोच.

आता खरा माल. पणजोबा गेले तेव्हा माझे आजोबा सहा वर्षांचे. वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेले, असले की पोर्तुगीज कायद्यात कोर्टाकडून मालमत्तेची मोजदाद व्हायलाच हवी होती, आपण आजही इन्व्हेंटरी म्हणतो तीच. ते दप्तर सापडलं. मी अशी कल्पना केली होती की त्यात चार ओळी असतील, जमीन इतकी, घर इतकं. छे! अख्खा संसार लिहिलाय. तांब्याचा मोठा हंडा एक, लहान दोन, पैकी एक भोक पडलेला. समई एक. पितळेचा लामणदिवा. लाकडी पाट. गाय एक, वासरू एक. कुळागरातले माड मोजलेले, पोफळी मोजलेल्या, त्यातल्या फळ देणाऱ्या किती आणि न देणाऱ्या किती ते वेगळं. प्रत्येकाची किंमत रुपी, तांगा आणि रेइसमध्ये, सोळा तांग्यांची एक रुपी आणि साठ रेइसचा एक तांगा, भाईंनी रिपोर्टात समासात हिशोब करून दिलाय. भोकाच्या हंड्याची किंमत बिनभोकाच्या निम्म्यापेक्षा कमी. अडकित्ता एक, त्याचीही किंमत लावलीय.

तलवार नाही. कोयता आहे, तलवार नाही.

आणि देणी. एका सुपारीच्या व्यापाऱ्याचं देणं, मुंबईचा व्यापारी. हे घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

दप्तराच्या सुरुवातीलाच पणजीआजीचा जबाब आहे. विधवा म्हणून मालमत्ता जाहीर करायची जबाबदारी तिची, तिने शपथेवर सगळं सांगायचं. जबाब अर्थात पोर्तुगीजमध्ये, तिला पोर्तुगीजचा एक शब्द येत नसणार, दुभाष्याने सांगितलं, कारकुनाने लिहिलं, खाली लिहिलंय की तिला लिहिता येत नाही म्हणून तिच्या विनंतीवरून दुसऱ्या कुणीतरी सही केली. मला तो जबाब वाचताना एक जागा फार खटकली, म्हणजे चांगल्या अर्थाने. देण्यांची यादी संपल्यावर ती सांगते की आणखी एक देणं नवऱ्याने तिला तोंडी सांगितलं होतं, कागद नाही, पण ते द्यायचंय. कुणी मागायला आलं नव्हतं. तिने स्वतःहून लिहून घेतलं. बाकी अख्ख्या आयुष्यात तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही, लग्नाच्या आधीचं नावसुद्धा नाही.

मुलं अज्ञान म्हणून नातेवाइकांचं एक मंडळ नेमलेलं असायचं, बापाच्या बाजूचे आणि आईच्या बाजूचे दोन्हीकडचे. त्या यादीत आमच्या एका चुलत शाखेचं नाव निघालं जी आता बांदोड्याला राहते, आम्ही एकमेकांना देवळात बघत होतो पण नातं लागतं हे दोघांनाही माहीत नव्हतं. गेल्या जत्रेला त्यांच्याकडे जेवून आलो.

रिपोर्टमध्ये शेवटी एक भाग असतो, त्या काळात गोव्यात काय चाललं होतं त्याचा. मला वाटलेलं की हा भरतीचा असेल, गुगलवरून उचललेला. नाहीये. फक्त आपल्या माणसाशी लागू पडेल तेवढंच लिहितात. १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार, ज्याने गोवा आणि ब्रिटिश मुलखातली जकात उठली आणि मिठावर इंग्रजांचा ताबा आला, तो करार १८९२ ला संपला आणि सरहद्दीवर पुन्हा जकात बसली. मुरगाव बंदरातून घाटावर जाणारी रेल्वे १८८८ पासून कॅसलरॉकच्या पुढे जोडली गेली. पणजोबा वयात आले ते ह्या सगळ्यानंतर. मृत्यूच्या नोंदीत वय ४० लिहिलंय, त्यावर भाईंची टीप अशी की असा गोल आकडा दिसला की तो अंदाजाचा समजायचा, पस्तीस ते पंचेचाळीस काहीही. म्हणजे १८९५ च्या बंडाच्या वेळी बारापासून बावीसपर्यंत कितीही.

आणि मुंबईहून भावाच्या नावे केलेलं एक मुखत्यारपत्र मिळालं, पत्ता गिरगावचा. म्हणजे गायब होते हे खरं. रानात होते की गिरगावात सुपारीच्या वखारीत, तर कागद गिरगाव म्हणतो.

काकांना मी हे फोनवर सांगितलं. "म्हणजे राण्यांबरोबर नव्हते?" मी म्हटलं, काका, नव्हते असं नाही लिहिलंय, पुरावा मिळाला नाही असं लिहिलंय. "मग पैसे कशाला दिलेस?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पण दोन दिवसांनी त्यांनीच फोन करून विचारलं की त्या मुंबईच्या व्यापाऱ्याचं देणं फेडलं होतं का. फेडलं होतं. कुळागराचा एक तुकडा विकून. तो तुकडा आज कुणाकडे आहे हेही आता आम्हाला ठाऊक आहे, पण ते इथे नको.

ह्या सेवेतली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच. प्रत्येक वाक्याच्या पुढे लिहिलेलं असतं, कागदावरून, घरच्या सांगण्यावरून, किंवा अंदाज. १९१८ चा नोव्हेंबर बघून मी लगेच म्हटलं, भाई, इन्फ्लुएंझा ना? त्या वर्षीची साथ, मुंबईत ऑक्टोबरात माणसं पटापट मेली, मुंबईशी ह्यांचा व्यवहार, सगळं बसतंय. ते म्हणाले, "बसतंय म्हणून मी लिहिणार नाही. नोंदीत आजार लिहिलेला नाही." मी जरा जोर केला. नाही म्हणजे नाही. शेवटी रिपोर्टात अंदाज ह्या सदराखाली एक ओळ आली, तीही "शक्यता आहे" अशी. तेव्हा राग आला होता, आता वाटतं की जो माणूस गिऱ्हाइकाला खूश करायला इन्फ्लुएंझा लिहीत नाही, त्याने गिरगाव लिहिलंय म्हटल्यावर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता तक्रारी. वेळ फार लागतो. पावसाळ्यात तर विसरा, जुने कागद दमट हवेत उलगडायला देत नाहीत कुठे आणि ते योग्यच आहे, पण मग भाईंनी तसं आधी सांगावं, मी आपली वाट बघत बसले. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर म्हणजे एक शब्द. "चालू." बास. काय चालू, कुठे चालू, काही नाही. फोन दुपारी एक ते चार लागत नाही, गोव्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

फोटो वाईट. मोबाइलवर काढलेले, कडा कापलेल्या, पणजीआजीच्या जबाबाचं शेवटचं पान इतकं अंधारं की मला पुन्हा काढून मागावं लागलं. इतकं मेहनतीचं काम आणि फोटो असे, एखादा पोरगा हाताशी घ्यावा त्यांनी. प्रमाणित नकलांचे पैसे वेगळे असतात हेही सुरुवातीला नीट कळत नाही, यादी लिहून मागून घ्या.

पण पाचवा स्टार मी कापला तो बायकांसाठी. मंडळाच्या यादीत पणजीआजीच्या माहेरची नावं आलेली होती. समोर होती! त्यांचं गावही होतं. तिथून तिचं माहेरचं घराणं शोधायला एक पाऊल पुरलं असतं, पण रिपोर्ट पुरुषांच्या ओळीनेच वर जातो, बाप, आजा, पणजा, आणि बायका कंसात. विचारलं तर म्हणाले ते वेगळं काम, वेगळे पैसे. पैशाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण निदान "इथून पुढे जाता येईल" एवढी एक ओळ तरी लिहायची. देवळाच्या महाजनांच्या, म्हणजे देवळावर वंशपरंपरेने हक्क असलेल्यांच्या, याद्यांचंही तेच, त्या १८८६ च्या कायद्याच्या काळापासून ठेवलेल्या असतात आणि कामाच्या असतात, पण महाजनकी बापाकडून मुलाकडे, त्यात बाई शोधून सापडत नाही. कागदच तसे आहेत हे मान्य, मग जिथे बाई सापडली तिथे तरी थांबू नये ना. मोडीवाल्या मुलीला मी हे बोलले तर ती हळूच म्हणाली, मी त्यांना हेच सांगते.

पोर्तुगीज पासपोर्टसाठी कागद हवे असतील तर इथे जाऊ नका, ते काम घेत नाहीत आणि त्या विषयावर चिडतात. त्याला एजंट वेगळे आहेत. १९६१ नंतरच्या जमिनीच्या भानगडीही घेत नाहीत, जमिनीचा एक चौदाचा उतारा घेऊन गेलात तर चहा देऊन परत पाठवतील.

मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी, ज्यांचं मूळ गोव्यात आहे पण इथे आता कुणी नाही: भाईंनी मला एक गोष्ट सुचवली ती फुकट होती आणि उपयोगी पडली. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात, गावावारी आणि आडनावावारी, तुमच्या घरातलं कुणी कधी यात्रेला गेलं असेल तर त्याने सांगितलेली भावंडांची, मुलांची नावं तिथे लिहिलेली असतात. माझा मावसभाऊ कामानिमित्त नाशिकला जातो, त्याला जायला सांगितलं. गावाचं जुनं नाव आणि कुळदेव सांगितल्यावर गुरुजींनी वही काढली, आणि आजोबांच्या थोरल्या चुलत्याची सही मोडीत निघाली. म्हणजे काहीच कागद नसले तरी अगदी कोरडे राहाल असं नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने घेतात. पहिल्या टप्प्यात घरचे कागद वाचून पुढे काही सापडेल की नाही एवढंच सांगतात, तो अगदीच परवडतो. पुढचा टप्पा करायचा की नाही ते तुमच्यावर, मागे लागत नाहीत. मी पणजीआजीच्या माहेरासाठी दुसरं काम सांगून आलेय, ते दिवाळीनंतर हातात घेणार म्हणालेत. जायचं असेल तर पावसाळा संपता संपता नंबर लावा, जाताना पेढे नका नेऊ, त्यांना डायबेटिस आहे, आणि पावती मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत.